ऊब आत गेली का?

सास्तूरच्या तात्या मिस्त्रींना भिंत दिसली की ठोकून बघायची खोड होती. कुणाकडं चहाला गेले तरी बोलता बोलता मूठ वळायचे, भिंतीवर दोनदा टकटक करायचे, आवाज ऐकायचे आणि मगच कपबशी हातात घ्यायचे. धाकट्या लेकीसाठी स्थळ बघायला गेले, तेव्हा त्यांनी आधी घराची भिंत ठोकली आणि मग मुलाचं नाव विचारलं, असं गावात अजून सांगतात.

खोड अशी सुखासुखी लागली नव्हती. १९९३च्या आधी तात्यांनी लोहारा-उमरग्याच्या पट्ट्यात पुष्कळ घरं बांधली. कामाची रीत ठरलेली होती. काळा दगड, चिखलाचा थर, दोन-अडीच फूट रुंदीची भिंत, वर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचं जाडजूड माळवद. उन्हाळ्यात घर गार, हिवाळ्यात उबदार. घर बघायला आलेला पाहुणा भिंतीची रुंदी बघायचा आणि मान डोलवायचा. रुंद भिंत म्हणजे भक्कम घर, भक्कम घर म्हणजे मोठं घराणं.

त्या रुंदीच्या पोटात काय आहे ते मात्र गवंड्यालाच ठाऊक असायचं. बाहेरून दगडाचं एक तोंड, आतून दुसरं तोंड आणि मधल्या फटीत चिपऱ्या नि माती. दोन्ही तोंडांना धरून ठेवायचं तर मधून मधून भिंतीच्या रुंदीएवढा लांब, आरपार दगड घालावा लागतो. असा दगड शोधायचा, घडवायचा, चौघांनी उचलायचा, यात दिवस मोडायचा. घातला काय नि न घातला काय, वरून भिंत सारखीच दिसायची. मालक विचारत नव्हता, मिस्त्री सांगत नव्हता. आरपार दगड हळूहळू कामातून गेला.

१९९२ साली किल्लारीच्या बाजूला जमीन हादरायला लागली. मांडणीवरची भांडी वाजली, काही माणसं बाहेर अंगणात निजायला लागली. भिंती जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा लोक म्हणाले, "एवढे हादरे खाल्ले, काय झालं का? पक्की कामं हायती." तात्यांनाही ते ऐकून बरं वाटलं होतं.

३० सप्टेंबर १९९३ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, भूकंपानं त्या भिंतींची खरी परीक्षा घेतली. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. रुंद भिंतींची दोन तोंडं एकमेकांना सोडून पडली, एक बाहेर, एक आत. आणि आधार सुटलेलं माळवद मातीसकट खाली आलं. सास्तूर, किल्लारी, होळी, राजेगाव, पेठसांगवी. गावंच्या गावं ढिगारा झाली. हजारो माणसं गेली. तात्यांचा सख्खा भाऊ गेला तो तात्यांनीच बांधलेल्या घरात.

पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचं मोठं काम उभं राहिलं. काही गावं नव्या जागेवर वसली, काही ठिकाणी उभ्या घरांना बळकटी द्यायचं ठरलं. त्यासाठी गवंड्यांना शिकवायला सुरुवात झाली आणि तात्या पहिल्या रांगेत जाऊन बसले. एका तरुण इंजिनिअरनं त्यांच्यासमोर एक जुनी भिंत घेतली. हलक्या हातानं एकेक दगड काढत तिला आरपार भोक पाडलं, दोन्ही टोकांना वाकवलेली सळई त्यात ठेवली आणि भोक काँक्रीटनं भरून घेतलं. मग चौकटींच्या वरून घराला चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा कसा फिरवायचा ते दाखवलं, म्हणजे हादरा बसला तर चारी भिंती एकमेकींना धरून राहतात.

तात्यांनी विचारलं, "सायब, हे आत हाय का न्हाई, वरून कसं कळायचं?"

"वरून नाही कळत. गिलावा झाला की सगळ्या भिंती सारख्याच. बघायचं असेल तर ठोकून, फोडूनच बघावं लागतं."

तेव्हापासून तात्या भिंती ठोकत आले.

त्यांच्या थोरल्या नातवाला दगडमातीची आवड नव्हती. त्यानं आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं, पुण्यात ट्रेलरवर बसला, तिथून आखातात गेला आणि शेवटी कॅनडात, विनिपेगच्या एका मालवाहतूक कंपनीत ट्रक चालवायला लागला. विनिपेगच्या हिवाळ्यात पारा उणे ३०च्या खाली गेला तरी कुणी बातमी करत नाही. तिथं मोटारींच्या, ट्रकांच्या तोंडातून एक वायर लोंबत असते आणि रात्री ती खांबावरच्या सॉकेटला लावतात. तात्यांनी व्हिडिओ कॉलवर ते बघितलं तेव्हा त्यांना हसू आवरेना. "आरं, ट्रक हाय का मोबाइल? चार्जिंगला लावालास व्हय?"

नातवानं समजावून सांगितलं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की पेट घेतं. पण इंजिनाचं लोखंडच गोठलेलं असेल, तर हवेत आलेली ऊब ते लोखंडच गिळून टाकतं. त्यात ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो. मग कितीही सेल्फ मारा, इंजिन फिरतं न फिरतं आणि गप्प बसतं. म्हणून इंजिनाच्या पोटात, कूलंटमध्ये बुडालेली एक कॉइल असते, आपल्याकडं बादलीत पाणी तापवायला असते तशीच. रात्री वायर लावली की कॉइल तापते, कूलंट तापतं, कूलंटनं लोखंड कोमट राहतं. या विद्येचं एक मूळ विनिपेगच्या दक्षिणेला, सीमेपलीकडच्या नॉर्थ डकोटात आहे. तिथल्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या माणसानं इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरचं पेटंट १९४९ मध्ये घेतलं होतं.

तात्यांनी ही नवलाई स्टँडवरच्या हॉटेलात सांगितली. तिथं बसलेले फौजी मामा लष्करात ट्रक चालवून आलेले. ते म्हणाले, "लडाखला आमच्याकडं कुठली वायर? रात्री मधून मधून इंजिन चालू ठेवायचं, न्हाईतर सकाळी खाली शेकोटी करून चेंबर तापवायचं. शिवाय टाकीतलं डिझेलच गोठतंय तिथं, त्याला हीटर काय करणार? आता कुठं इंडियन ऑइलनं २०१९ला हिवाळ्याचं येगळं डिझेल काढलंय, उणे ३३पातुर न गोठणारं." मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पण तात्या, शेकोटीचं एक बरं असतंय. जळताना दिसती. वायरीतून काय जातंय ते दिसत न्हाई."

हे वाक्य तात्यांच्या डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, म्हणजे विनिपेगला आदल्या दिवशीचे सात वाजले असताना, त्यांनी नातवाला फोन लावला.

"वायर लावलास का?"

"लावली की तात्या. रोज लावतो. एक दिवस चुकलेला न्हाई."

"ऊब आत गेली का?"

"म्हणजे?"

"वायर लावल्यावर इंजिन गरम होतंय का, हात लावून कवा बघितलास का?"

नातू हसला. "तात्या, वायरीच्या टोकाला बारका दिवा हाय. करंट आला की तो लागतो. आन् गाडी रोज सकाळी एका सेल्फला सुरू होती. आणखी काय बघायचं?"

"थंडी किती हाय सध्या?"

"यंदा कमीच. उणे दहा, उणे बारा."

तात्या जरा थांबले. मग म्हणाले, "आपली भिंत बी रोज उभीच होती. ब्याण्णवला हादरे आले तरी उभीच होती. तवा आमी बी म्हणलो, पक्की हाय. आरं, बारक्या थंडीत गाडी सुरू झाली तर ते हीटरचं काम का नव्या बॅटरीचं, तुला काय ठावं?"

नातवानं विषय बदलला, आईची चौकशी केली, फोन ठेवला. पण तो शिकलेला मेकॅनिक होता आणि आजोबांच्या बोलण्यातला खिळा त्याला बरोबर टोचला. गाडी सुरू होते म्हणून हीटर चालतो, असं तो धरून चालला होता. खरं तर गाडी सुरू झाल्यानं एवढंच कळत होतं, की त्या दिवशीच्या थंडीत गाडी सुरू होते. आणि तो दिवा? तो लागायचा खांबापासून आलेल्या वायरीच्या शेवटी. वीज तिथवर आली एवढंच तो सांगत होता. पुढं ट्रकच्या पोटात ती गेली की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

वायर लावून दोन तास होऊन गेले होते. टॉर्च घेऊन तो बाहेर गेला, बॉनेट पुढं कलवलं, हातमोजा काढला आणि इंजिनाला हात लावला. हात चटका बसल्यासारखा मागं आला. लोखंड बाहेरच्या बर्फाइतकंच थंड होतं. कान लावला, तर कूलंट तापताना बारीक सळसळ येते तीही नाही.

मग त्यानं आयटीआयच्या मास्तरांनी शिकवलं तसं, एका टोकापासून सुरुवात केली. खांबाचं सॉकेट आणि वायर यांच्या मध्ये वॅटमीटर लावलं. हीटर १५०० वॉटचा होता, मीटरवर शून्य. म्हणजे वीज दारापर्यंत येते आणि तिथूनच परत जाते. त्यानं वायर सॉकेटमधून काढली. वीज चालू ठेवून पुढची तपासणी करायची नसते. मल्टीमीटर ओहमवर घेऊन ट्रकच्या बाजूच्या प्लगच्या दोन पिनांना टोकं लावली. १२० व्होल्टवर १५०० वॉट घेणारी कॉइल शाबूत असेल तर साडेनऊ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. आकडाच आला नाही. सर्किट तुटलेलं. आता दोष ट्रकच्या वायरीत की कॉइलमध्ये? त्यानं हीटरच्या तोंडाशी वायर सोडवली, तिच्या दोन्ही तारा टोकापासून टोकापर्यंत तपासल्या. दोन्हींनी मीटर वाजवलं. पिनांवर रस्त्यावरच्या मिठाचा हिरवा थर चढला होता, पण तारा धड होत्या. शेवटी कॉइलच्या दोन टोकांना मीटर लावलं. तिथं काहीच नाही. कॉइल जळून गेलेली होती.

सकाळी वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या पंजाबी मेकॅनिकनं, ज्याला सगळे पाजी म्हणत, बघता क्षणी कारण सांगितलं. मागं कधीतरी कूलंट बदलताना आतली हवा नीट काढली नसणार. कॉइल कूलंटात बुडालेली असेल तरच जगते. हवेच्या फुग्यात उघडी पडली आणि वर वीज दिली, की स्वतःच्याच उष्णतेनं जळते. पाजींनी कूलंट उतरवलं, जुनी कॉइल काढली, नवी बसवली, कूलंट भरलं, इंजिन चालवून हवा काढली आणि मगच वायर लावू दिली. वॅटमीटरचा आकडा दीड हजाराच्या जवळ जाऊन थांबला. थोड्या वेळानं आतून सळसळ यायला लागली. दोन तासांनी नातवानं पुन्हा हात लावला. लोखंड कोमट होतं.

त्यानं आजूबाजूच्या ड्रायव्हरांना सांगितलं, तुम्हीही एकदा बघून घ्या. एकानं आपल्या वायरीचा दिवा दाखवला. दुसरा म्हणाला, सात वर्षं झाली, एकदाही बंद पडली नाही. तिसऱ्याला वेळ नव्हता.

जानेवारीत उत्तरेकडून थंडीची लाट उतरली आणि एका रात्री पारा उणे ३८ला गेला. सकाळी यार्डात ट्रकांची रांग होती, प्रत्येकाची वायर लावलेली, प्रत्येकाचा दिवा लागलेला. नातवाचा ट्रक थोडा कुरकुरला आणि सुरू झाला. शेजारचा झाला नाही. त्याच्या पलीकडचाही झाला नाही. सात वर्षं बंद न पडलेला ट्रक त्या दिवशी दुपारपर्यंत हलला नाही आणि त्यातला माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागला. मालकानं संध्याकाळी सगळ्या हीटरची तपासणी करायला लावली. चार हीटर मेलेले निघाले. केव्हापासून मेलेले होते ते कुणालाच सांगता आलं नाही.

नातवानं त्याच रात्री सास्तूरला फोन केला. सगळी हकीकत ऐकून तात्या खूश झाले. भिंत ठोकायच्या आपल्या विद्येनं सातासमुद्रापार एक ट्रक चालवला, हे त्यांनी घरात दोन-तीनदा बोलून दाखवलं. नातवानं बोलू दिलं. मग विचारलं, "तात्या, एक सांगा. आपल्या घराच्या मागं बाबांनी दोन खोल्या वाढवल्या, त्यात पट्टा हाय का?"

पुनर्वसनात मिळालेल्या घरात कुटुंब मावेना, म्हणून बऱ्याच जणांनी मागंपुढं खोल्या काढल्या होत्या. तात्यांच्या लेकानंही काढल्या. काम चौकटीच्या वर चाललं होतं तेव्हा तात्या पंढरीच्या वारीला गेले होते.

"हाय की. मिस्त्रीनं टाकलाय."

"तुमी बघितलं का?"

"ठोकून बघितलंय. आवाज भरीव हाय."

"पट्टा ठोकून कळतो का?"

तात्यांना उत्तर सुचलं नाही. विटांची धड भिंत आवाज भरीवच देणार. वर पट्टा फिरलाय की नाही, ते तिच्या आवाजात येत नाही. उभ्या गावाच्या भिंती ठोकणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरात मिस्त्रीच्या शब्दावर काम भागवलं होतं. आणि पुढचं घर सरकारनं बांधलेलं, म्हणून मागच्या खोल्यांनाही सगळे 'भूकंपाचं घर'च म्हणत आले होते.

त्यांनी फोन लेकाच्या हातात दिला, छन्नी-हातोडा काढला आणि मागच्या खोलीत गेले. दाराच्या वरच्या रेषेत, कोपऱ्यापाशी गिलाव्यावर पहिला घाव घातला. लेक धावत आला. "तात्या, काय करालाव? दिवाळीचा रंग हाय त्यो!"

"रंगच हाय का आणखी काय हाय, त्येच बघालोय."

गिलावा सुटला. पट्टा असता तर कोपऱ्यातून वळून गेलेलं सलग काँक्रीट दिसलं असतं. तिथं विटांचे सांधे दिसले. तात्यांनी दाराकडं सरकत सरकत गिलावा काढला. दारावर तुकडाभर लिंटेल होतं, दोन्ही बाजूंना वीतभर गेलेलं आणि तिथंच संपलेलं. चारी भिंतींना एकत्र धरणारं काही नव्हतं.

मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, "मालक म्हणले, सळई महाग झाली, दारापुरतं टाक." लेक म्हणाला, "मला मिस्त्री म्हणला, एवढं बास होतंय." तात्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि कुणाला काही बोलले नाहीत. असंच बोलणं त्यांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी स्वतः केलं होतं.

पाडापाडी करायची गरज पडली नाही. चौकटीच्या वरच्या रेषेत आतून-बाहेरून गिलावा खरवडला, सांधे साफ केले, लोखंडी वेल्डेड जाळीचा पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरवला, कोपऱ्यांवर न तोडता वळवून घेतला, खिळ्यांनी घट्ट केला आणि वरून सिमेंटचा जाड थर दिला. मग रोज पाणी मारायचं काम तात्यांनी स्वतःकडं घेतलं.

शेजारचे बघायला यायचे. एकानं थट्टा केली, "काय तात्या, भूकंप यायलाय का काय? आमाला बी सांगा की."

तात्या पाईप हातात धरून म्हणाले, "भूकंपाचं त्येला ठावं. मला एवढं कळतंय, की परीक्षा आपण घेतली आन् नापास झालं, तर जाळी लावून पास होता येतंय. पोरानं घेतली, कॉइल बदलली, झालं. थंडीनं घेतली तर माल अडकून पडला. आन् आपली भूकंपानं घेतली तवा काय झालं, ते तू बी बघितलास. त्या परीक्षेला फेरपरीक्षा नसती."

थट्टा करणारा घरी गेला. त्यानंही मागं एक खोली वाढवलेली होती. दुसऱ्या दिवशी तो तात्यांची छन्नी मागायला आला.

तात्पर्य: उपाय केला एवढ्यानं निर्धास्त होऊ नये. तो लागू पडतो का, हे बरे दिवस असतानाच स्वतः हात लावून बघावं. कारण बऱ्या दिवसांत न चालणारा उपायही चालतोय असंच वाटतं.